व्यावसायिक गोल्फपटूची पहिली वर्षे : खेळ, खर्च आणि कालावधी

हौशी गोल्फपटू व्यावसायिक होतो तेव्हा त्याच्या खेळात त्या दिवशी काहीही बदलत नाही. बदलतो तो त्याचा दर्जा, आणि त्या दर्जाबरोबर खर्च, उत्पन्न व वेळ यांची सगळी जबाबदारी त्याच्या अंगावर येते. रणजी खेळणाऱ्या क्रिकेटपटूला सामन्याचे मानधन मिळते, त्याच्या प्रवासाची व निवासाची सोय संघटना करते, आणि शून्यावर बाद झाला तरी त्या सामन्याचे मानधन त्याच्या हाती पडते. गोल्फपटूला यांपैकी काहीच मिळत नाही. प्रवेशशुल्क, विमान किंवा रेल्वेचे भाडे, हॉटेल, जेवण, कॅडीचा मेहनताना हे सारे त्याने आधी भरायचे असते, आणि खेळ बरा झाला तरच त्यातील काही भाग परत मिळायचा असतो. म्हणून भारतात या व्यवसायात उतरणाऱ्या तरुणाने व त्याच्या पालकांनी पहिल्या दोन-तीन हंगामांचे मोजमाप विजयांवरून करू नये. अपयशाचे आठवडे खेळाची घडी न मोडता निभावून नेता येतील अशी व्यवस्था त्या काळात उभी राहिली की नाही, यावरून ते करावे.

दर्जाचा निर्णय घेण्यापूर्वी त्यासंबंधीचे नियम नीट समजून घेतले पाहिजेत, कारण या बाबतीत जुन्या समजुती अजून प्रचलित आहेत. जगभरातील गोल्फचे नियम आर अँड ए आणि युनायटेड स्टेट्स गोल्फ असोसिएशन या दोन संस्था ठरवतात, आणि त्यांनी १ जानेवारी २०२२ पासून हौशी दर्जाचे नियम बरेच सैल केले. हौशी खेळाडूने व्यावसायिक म्हणून स्पर्धेत भाग घेतला, पैसे घेऊन शिकवले, क्लबमध्ये व्यावसायिक म्हणून नोकरी धरली किंवा मर्यादेपेक्षा मोठे बक्षीस स्वीकारले तर त्याचा दर्जा जातो. ही मर्यादा त्या वेळी ७०० पौंड किंवा १,००० डॉलर अशी ठरवण्यात आली. मात्र पुरस्कर्त्याकडून आर्थिक मदत घेणे, जाहिरात करणे, साहित्य-उत्पादक कंपनीचे क्लब व चेंडू वापरणे यांवरील बंधने उठवण्यात आली. याचा व्यवहारातील अर्थ मोठा आहे. पुरस्कर्ता मिळवायचा तर व्यावसायिक व्हावेच लागते, हे घाई करण्यामागचे एके काळचे सर्वांत मोठे कारण आता उरलेले नाही, आणि म्हणून ज्याच्याजवळ आणखी एखादे वर्ष इंडियन गोल्फ युनियनच्या हौशी स्पर्धांत घालवण्याची संधी आहे त्याने ती सहसा सोडू नये.

योग्य वेळ कोणती, हे वयावरून ठरत नाही. क्लबमधील हँडिकॅपवरूनही ते ठरवणे धोक्याचे असते. हँडिकॅप म्हणजे मैदानाच्या काठिण्याच्या तुलनेत खेळाडू साधारणपणे किती फटके जास्त घेतो हे सांगणारा अंक. तो शून्याच्याही खाली गेलेले तरुण आज देशात पुष्कळ आहेत, परंतु तो मोजताना खेळाडूच्या चांगल्या फेऱ्याच धरल्या जातात आणि त्यांतील बऱ्याचशा त्याच्या ओळखीच्या मैदानावर खेळलेल्या असतात. त्यापेक्षा गेल्या वर्षभरात परक्या मैदानांवर, तीन किंवा चार दिवसांच्या स्पर्धांत खेळलेल्या सर्व फेऱ्यांची सरासरी काढावी, त्यांतील सर्वांत वाईट चतुर्थांश फेऱ्या वेगळ्या काढून तपासाव्यात, आणि आपल्या वाईट दिवशीचा खेळ कितपत टिकतो हे पाहावे. व्यावसायिक मालिकेत स्थान टिकवून ठेवतो तो वाईट दिवशी ७८ ऐवजी ७३ फटक्यांत फेरी संपवणारा खेळाडू. एखाद्या दिवशी ६५ करून दाखवणारे तिथे सगळेच असतात.

घाईचे परिणाम सांगणारी उदाहरणे इतिहासात आहेत आणि ती प्रामाणिकपणे समोर ठेवली पाहिजेत. अमेरिकेच्या टाय ट्रायनने २००१ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, पीजीए टूरची पात्रता फेरी पार केली, पण काही हंगामांतच ती पात्रता त्याच्या हातून गेली. इंग्लंडचा जस्टिन रोझ १९९८ च्या ओपन स्पर्धेत सतरा वर्षांचा हौशी खेळाडू म्हणून संयुक्त चौथा आला, लगोलग व्यावसायिक झाला, आणि त्यानंतर सलग २१ स्पर्धांत त्याला शेवटचे दोन दिवस खेळण्याची संधीच मिळाली नाही. हाच रोझ पुढे २०१३ ची यूएस ओपन आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकचे सुवर्णपदक जिंकला, हे खरे. पण त्या एकवीस स्पर्धांच्या काळात त्याच्या पाठीशी कुटुंब व पुरस्कर्ते उभे नसते तर ही नोंद कदाचित झालीच नसती. उलट बाजूने पाहिले तर बंगळुरूची अदिती अशोक १ जानेवारी २०१६ रोजी व्यावसायिक झाली आणि त्याच वर्षी लेडीज युरोपियन टूरवर दोन स्पर्धा जिंकून तिने वर्षातील सर्वोत्तम नवोदिताचा मान मिळवला. हा अपवाद आहे आणि तो अपवाद म्हणूनच वाचावा. पुण्यात जन्मलेला अनिर्बान लाहिरी २००७ मध्ये व्यावसायिक झाला, आशियाई टूरवरील पहिला विजय त्याला २०११ मध्ये मिळाला आणि युरोपियन टूरवरचा २०१५ मध्ये; शुभंकर शर्मा २०१३ मध्ये व्यावसायिक झाला आणि जोहान्सबर्गमधील पहिला मोठा विजय त्याने डिसेंबर २०१७ मध्ये मिळवला; रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबच्या मैदानाची निगा राखणाऱ्या कर्मचाऱ्याचा मुलगा असलेल्या एसएसपी चौरासियाला १९९७ पासून २००८ पर्यंत थांबावे लागले. देशातील गुणवान खेळाडूंनाही चार ते अकरा वर्षे लागली असतील, तर नवोदिताने आपला आर्थिक आराखडा एका हंगामापुरता आखणे शहाणपणाचे ठरत नाही.

भारतात पुरुषांसाठी प्रवेशाचे मुख्य दार म्हणजे २००६ मध्ये सुरू झालेली प्रोफेशनल गोल्फ टूर ऑफ इंडिया, अर्थात पीजीटीआय ही स्पर्धामालिका. तिच्या पात्रता फेरीला ‘क्यू-स्कूल’ म्हणतात. तेथे आधी प्राथमिक टप्पे आणि मग अंतिम टप्पा खेळावा लागतो, आणि ठरावीक क्रमांकापर्यंत आलेल्यांना त्या हंगामाचे ‘कार्ड’, म्हणजे मालिकेतील स्पर्धांत प्रवेशाचा हक्क मिळतो. परंतु सर्व कार्डे सारखी नसतात, ही गोष्ट अनेक नवोदितांना उशिरा कळते. प्रत्येक स्पर्धेत घ्यायच्या खेळाडूंची प्राधान्ययादी असते. मागील हंगामातील विजेते व कमाईच्या क्रमवारीत वर असलेले आधी येतात, क्यू-स्कूलमधून आलेले त्यांच्यानंतर, आणि म्हणून खालच्या क्रमांकावर कार्ड मिळवलेल्याला काही स्पर्धांत जागाच मिळत नाही. हंगामाचे वेळापत्रक हाती येताच आपल्या प्राधान्यक्रमावर नक्की किती स्पर्धा मिळतील, याची विचारणा मालिकेच्या कार्यालयात लेखी करून ठेवावी आणि खर्चाचा अंदाज त्या उत्तरावर बांधावा. महिलांसाठी विमेन्स गोल्फ असोसिएशन ऑफ इंडियाची स्वतंत्र मालिका आहे. तिच्या स्पर्धांत हौशी मुलीही खेळतात, त्यामुळे दर्जा न बदलता व्यावसायिक वातावरणाचा अनुभव घेण्याची सोय मुलींना तुलनेने अधिक आहे, आणि तिचा फायदा त्यांनी अवश्य घ्यावा.

आता प्रश्न पैशाचा. सर्वसाधारण स्पर्धा चार दिवसांची व ७२ होलची असते. पहिल्या दोन फेऱ्यांनंतर साधारण पन्नास खेळाडू आणि त्यांच्याशी बरोबरीत असलेले तेवढे पुढे जातात, बाकीचे बाहेर पडतात. या चाळणीला ‘कट’ म्हणतात, आणि जो कट चुकवतो त्याला बक्षिसाच्या रकमेतून काहीही मिळत नाही. कट पार करणाऱ्यांतही रकमेची वाटणी अतिशय उतरती असते. विजेत्याला एकूण रकमेचा सुमारे सहावा ते सातवा हिस्सा मिळतो, पहिले दहा जण मिळून निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून अधिक घेऊन जातात, आणि चाळिसाव्या-पन्नासाव्या क्रमांकावरील खेळाडूच्या हाती जे येते त्यातून त्या आठवड्याचा खर्च निघाला तरी पुष्कळ झाले असे म्हणावे लागते. समजा, एका नवोदिताचा स्पर्धेच्या आठवड्याचा सर्व मिळून खर्च ५०,००० रुपये होतो आणि तो वर्षात अठरा स्पर्धा खेळतो. म्हणजे नऊ लाख रुपये स्पर्धांवर, त्याखेरीज प्रशिक्षक, सरावाचे चेंडू, मैदानाचे शुल्क, व्यायाम आणि विमा. यांपैकी नऊ स्पर्धांत त्याने कट चुकवला, जे पहिल्या हंगामात मुळीच असाधारण नाही, तर साडेचार लाख रुपये परताव्याविना गेले, आणि उरलेल्या नऊ आठवड्यांत एखादा पहिल्या दहांतला क्रमांक आला नाही तर ते भरून निघत नाहीत. हे आकडे केवळ नमुन्यादाखल आहेत. प्रत्येकाने ते आपल्या गावावरून, प्रवासाच्या पद्धतीवरून आणि मिळणाऱ्या स्पर्धांवरून पुन्हा मांडावेत. मात्र मांडताना उत्पन्नाच्या रकान्यात पहिल्या हंगामापुरते शून्य लिहावे.

हा सल्ला निराशावादी वाटेल, पण त्यामागे खेळाचेच कारण आहे. शुक्रवारी दुपारी अठराव्या होलवर सहा फुटांचा पट, म्हणजे चेंडू भोकात घालण्याचा शेवटचा हलका फटका, उरलेला आहे, तो गेला तर कट पार होतो, आणि खेळाडूच्या मनात पुढच्या महिन्याच्या घरभाड्याचा विचार आहे, अशा अवस्थेत हात मोकळे राहत नाहीत; तो क्लबची पकड नकळत घट्ट करतो, चेंडू ढकलतो आणि पट भोकाच्या कडेवरून जातो. शिवाय पैशाच्या चिंतेने माणूस जिथे जिथे जागा मिळेल तिथे खेळू लागतो, विश्रांती व दुरुस्तीचे आठवडे गाळतो, आणि चुकीची सवय घेऊन सलग सहा-सात स्पर्धा खेळत राहतो. म्हणून हंगाम सुरू होण्यापूर्वी निदान एका वर्षाचा, आणि शक्य असल्यास दीड वर्षाचा खर्च हाताशी असावा. तो नसेल तर कमी स्पर्धा खेळाव्यात, पण उसनवारीवर हंगाम काढू नये.

हा निधी बहुधा कुटुंब, क्लबमधील हितचिंतक सदस्य किंवा एखादा उद्योग यांच्याकडून उभा राहतो. तिन्ही बाबतींत लेखी करार करावा, घरच्या मदतीचीही नोंद ठेवावी. एखादी व्यक्ती पैशाच्या बदल्यात पुढील कमाईतील हिस्सा मागत असेल, तर तो हिस्सा किती वर्षे, कोणत्या उत्पन्नावर आणि जास्तीत जास्त किती रकमेपर्यंत, हे तिन्ही मुद्दे स्पष्ट लिहिलेले असावेत. मुदत व कमाल रक्कम नसलेल्या करारावर अठरा-वीस वर्षांच्या मुलाने सही करू नये, आणि पालकांनी ती करू देऊ नये. बक्षिसाच्या रकमेतून उगमस्थानी करकपात होते, म्हणून प्रवासाची तिकिटे, हॉटेलची बिले, प्रशिक्षकाच्या पावत्या तारखेनुसार जपून ठेवाव्यात आणि पहिल्याच वर्षापासून विवरणपत्र सनदी लेखापालाकडून भरून घ्यावे. परदेशात कमाई सुरू झाली की दोन देशांतील कराचा प्रश्न येतो. तेव्हा नव्याने धावाधाव करण्यापेक्षा ही शिस्त आधीच लागलेली बरी.

सरावाविषयी बोलताना आकड्यांची मदत घ्यावी. कोलंबिया विद्यापीठातील मार्क ब्रॉडी यांनी विकसित केलेली ‘स्ट्रोक्स गेन्ड’ ही पद्धत पीजीए टूरने २०११ मध्ये पटिंगसाठी स्वीकारली. तिचे तत्त्व सोपे आहे. प्रत्येक अंतरावरून तरबेज खेळाडूंना सरासरी किती फटके लागतात हे मोठ्या प्रमाणावरील नोंदींतून काढायचे आणि आपला फटका त्या सरासरीशी ताडून पाहायचा. उदाहरणार्थ, सुमारे आठ फुटांवरून जगातील अव्वल मालिकेतील खेळाडूही निम्मेच पट घालतात, म्हणजे तिथून सरासरी दीड फटका लागतो. एका फटक्यात चेंडू गेला तर अर्ध्या फटक्याचा लाभ झाला, दोन लागले तर अर्ध्याचा तोटा. एवढी एक माहिती असली तरी आठ फुटांचा पट चुकल्यावर स्वतःवर चिडण्याचे कारण राहत नाही, आणि सरावाचा वेळ कुठे घालवायचा हेही कळते. नवोदिताने प्रत्येक फेरीनंतर प्रत्येक फटक्याचे अंतर, चेंडूची जागा व परिणाम वहीत नोंदवावा. दहा-बारा फेऱ्यांच्या नोंदींतून बहुतेकदा असे दिसते की, ज्या भागाचा सराव आवडीने केला जातो त्यात तोटा फारसा नाही. तो १५० ते २०० यार्डांवरून ग्रीनकडे, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीकडे मारायच्या फटक्यांत, नाहीतर बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यांत आहे.

मैदानांची नोंदही तितकीच महत्त्वाची. दिल्ली गोल्फ क्लबचे लोधी मैदान झुडपांनी वेढलेले व अरुंद आहे, तिथे अनेक होलवर ड्रायव्हर, म्हणजे सर्वांत लांब फटक्याचा क्लब, पिशवीतच ठेवणे फायद्याचे ठरते. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरील बंगळुरूत विरळ हवेमुळे चेंडू कोलकात्यापेक्षा थोडा लांब जातो. आणि आपल्याकडच्या बर्म्युडा जातीच्या गवताच्या ग्रीनवर पात्यांचा कल चेंडूचा वेग व वळण दोन्ही बदलतो. उभ्या जागेवरून गवत चकाकणारे व फिकट दिसले तर ते खेळाडूपासून पलीकडे झुकलेले असते आणि पट वेगाने जातो. गडद दिसले तर ते समोरून आडवे येते आणि चेंडू लवकर थांबतो. पुण्यातील पूना क्लबच्या किंवा मुंबईतील बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबच्या मैदानावर वाढलेल्या खेळाडूने आपल्या घरच्या मैदानाचे अंदाज बाहेर तसेच्या तसे वापरू नयेत. सरावाची फेरी म्हणजे कमी फटक्यांत मैदान पूर्ण करण्याचा प्रसंग नव्हे. त्या दिवशी प्रत्येक ग्रीनच्या तीन-चार बाजूंनी चेंडू टाकून पाहावेत, चुकले तरी चालेल अशी बाजू कोणती हे ठरवावे आणि वहीत काढून ठेवावे.

नियमांच्या बाबतीत एक प्रसंग प्रत्येक नवोदिताला ठाऊक असायला हवा. १९६८ च्या मास्टर्स स्पर्धेत अर्जेंटिनाच्या रॉबर्टो दे विसेन्झोने शेवटच्या फेरीत सतराव्या होलवर तीन फटके घेतले होते, पण त्याची नोंद ठेवणाऱ्या सहखेळाडूने चार लिहिले आणि दे विसेन्झोने न तपासता सही केली. नियमानुसार जास्तीचा आकडा कायम राहिला, ६५ च्या जागी ६६ धरले गेले आणि बॉब गोल्बीशी होणारी बरोबरी हुकून त्याला एका फटक्याने दुसऱ्या क्रमांकावर समाधान मानावे लागले. हा नियम आजही तसाच आहे. उलट एखाद्या होलवर प्रत्यक्षापेक्षा कमी आकडा लिहून सही झाली तर सामान्यतः खेळाडू बाद ठरतो. फेरी संपल्यावर कितीही राग किंवा आनंद असो, नोंदकक्षात बसून प्रत्येक होलचा आकडा मोठ्याने वाचावा, सहखेळाडूशी ताडून पाहावा आणि मगच सही करावी. पिशवीत चौदाच्या वर क्लब नसावेत, हेही पहिल्या टीवर जाण्यापूर्वी मोजून पाहावे. पंधरावा क्लब राहिला तर तो राहिलेल्या प्रत्येक होलला दोन, पण फेरीत जास्तीत जास्त चार दंडफटके पडतात.

उत्तेजकविरोधी नियमांकडे गोल्फमध्ये दुर्लक्ष होते, कारण हा खेळ ताकदीचा नाही असा समज आहे. प्रत्यक्षात हृदयाचे ठोके मंद करणारी बीटा-ब्लॉकर गटातील औषधे गोल्फमध्ये स्पर्धेच्या काळात मनाई असलेल्या यादीत आहेत, कारण ती हाताचा कंप कमी करतात. सर्दीवरील काही नेहमीच्या गोळ्यांतील स्यूडोएफेड्रिनही ठरावीक प्रमाणापलीकडे निषिद्ध आहे. औषध देणाऱ्या डॉक्टरांना आपण स्पर्धात्मक खेळाडू आहोत हे आधी सांगावे, आणि उपचारासाठी असे औषध अटळच असेल तर त्याच्या वापराची परवानगी रीतसर घ्यावी.

कॅडीची निवड ही पहिल्या वर्षात कमी लेखली जाणारी गोष्ट. महागडा, अनुभवी कॅडी सोबत फिरवणे परवडत नसेल तर स्पर्धेच्या मैदानावरचाच जुना कॅडी घ्यावा, कारण त्याला तिथल्या ग्रीनची उतरण वर्षानुवर्षे पाहून पाठ झालेली असते. देशातील अनेक उत्तम खेळाडू याच कॅडींमधून घडले आहेत, आणि त्यांच्या म्हणण्याला मान देणे हे सौजन्यही आहे आणि फायद्याचेही. मोठ्या मालिकांत आठवड्याच्या ठरावीक रकमेशिवाय बक्षिसातील ५ ते १० टक्के कॅडीला देण्याची रीत आहे. आपल्या कॅडीशी काय ठरले आहे ते स्पर्धेपूर्वी बोलून घ्यावे, आणि कट चुकला तरी ठरलेली रक्कम त्याच संध्याकाळी द्यावी. घरच्या माणसाने पिशवी उचलण्यातही कमीपणा नाही. अदिती अशोकचे कॅडी रिओ ऑलिंपिकमध्ये तिचे वडील होते आणि टोकियो ऑलिंपिकमध्ये, जिथे तिचे पदक अवघ्या एका फटक्याने हुकले, तिची आई होती.

शरीराची निगा राखताना पाठीचा खालचा भाग आणि क्लब धरणाऱ्या पुढच्या हाताचे मनगट यांकडे विशेष लक्ष द्यावे, कारण गोल्फमधील दुखापती बहुतेक तिथेच होतात. एका फेरीत आठ-दहा किलोमीटर चालणे होते आणि चार-पाच तास उन्हात जातात, तेव्हा पाणी आणि क्षार यांचे नियोजन फटक्यांच्या नियोजनाइतकेच नेमके हवे.

परदेशी मालिकांची ओढ स्वाभाविक आहे, पण तिचा क्रम चुकवू नये. २०२३ पासून पीजीटीआयच्या कमाईच्या क्रमवारीत वर्षअखेर अव्वल ठरणाऱ्याला डीपी वर्ल्ड टूरवर, म्हणजे पूर्वीच्या युरोपियन टूरवर, प्रवेश मिळू लागला, आणि त्याचा पहिला लाभ महूच्या ओमप्रकाश चौहानला झाला. म्हणजे घरच्या मालिकेतील सातत्यातूनही बाहेरचे दार उघडते. या मालिकेतील स्पर्धांना जागतिक क्रमवारीचे गुणही मिळतात, आणि पुण्याच्या उदयन मानेला टोकियो ऑलिंपिकमध्ये जागा मिळाली ती देशांतर्गत विजयांतून साठलेल्या गुणांच्या आधारावर व आधी पात्र ठरलेल्या एका खेळाडूने माघार घेतल्यावर. आशियाई टूरचे क्यू-स्कूल किंवा तिची दुय्यम मालिका असलेली एशियन डेव्हलपमेंट टूर यांचा विचार तेव्हा करावा, जेव्हा घरच्या मालिकेत खेळाडू दहापैकी सात-आठ आठवडे कट पार करू लागेल. त्याआधी बाहेर गेल्याने अनुभव मिळतो हे खरे, पण त्या एका दौऱ्याच्या खर्चात देशात पाच-सहा स्पर्धा होतात, आणि नवोदिताला स्पर्धांची गरज अधिक असते.

तिसऱ्या हंगामाअखेर शांतपणे आढावा घ्यावा, आणि त्यासाठीचे निकष पहिल्या हंगामापूर्वीच कागदावर लिहून ठेवलेले असावेत. फेरीची सरासरी दरवर्षी खाली येत आहे का, कट पार करण्याचे प्रमाण वाढते आहे का, खर्चातील स्वतःच्या कमाईचा वाटा वाढतो आहे का, या तीनपैकी दोन प्रश्नांचे उत्तर होकारार्थी असेल तर आणखी दोन वर्षे देणे योग्य ठरते. उत्तर नकारार्थी असेल तर नॅशनल गोल्फ अकॅडमी ऑफ इंडियाचे प्रशिक्षकांसाठीचे अभ्यासक्रम उपलब्ध आहेत. स्पर्धेचा ताण अनुभवलेल्या शिक्षकाची गरज खारघरसारख्या सर्वांसाठी खुल्या मैदानांवर आज मोठी आहे, आणि तिथे शिकणाऱ्या मुलांना अशा शिक्षकाचा लाभ झाला तर त्या तीन वर्षांचा खर्च वाया गेला असे कुणी म्हणू नये. ज्याला शिकवायचेही नाही आणि केवळ खेळायचे आहे, त्याला हौशी दर्जा परत मिळवण्यासाठी इंडियन गोल्फ युनियनकडे अर्ज करता येतो. प्रतीक्षेचा काळ संपल्यावर तो पुन्हा हौशी स्पर्धांत उतरू शकतो, मात्र त्या काळात त्याने बक्षिसाची रक्कम घेऊ नये आणि पैसे घेऊन शिकवू नये.